थरलोची जागा

धक्क्यावरच्या यारीला, सामान वर उचलायच्या यंत्राला, कुलूप होतं.

जोलीननं ते एकदा ओढून पाहिलं. खाली टपालाची बोट हेलकावे खात होती आणि तिच्यावर जोलीनचे चाळीस वासे, सिमेंटच्या गोणी, खिळ्यांची खोकी रचलेली होती. पूर्ण ओहोटी लागली होती, त्यामुळे बोट धक्क्यापासून दोन पुरुष खाली गेलेली. यारीशिवाय ते सामान वर चढवायचं म्हणजे लोखंडी शिडी आणि हात, दुसरं काही नाही.

धक्क्यावर उलट्या पाट्यांवर पाच-सहा जण बसले होते. मधला सर्वांत म्हातारा, रबरी बूट घातलेला, तो मर्ल स्टिन्सन. शेल्डन बेटावर शेवंडं पकडणाऱ्यांची जी सोसायटी होती, तिचा तो अध्यक्ष होता. खरं तर बेटाचाच होता म्हटलं तरी चाललं असतं.

"मर्लकाका, यारीची किल्ली कुणाकडे?"

"काका म्हणू नकोस," मर्ल म्हणाला. "यारी सोसायटीच्या सभासदांची आहे."

"सभासद व्हायला काय लागतं?"

"शेवंडं धरायचा परवाना. आणि जन्म बेटावरचा."

"जन्म इथलाच आहे माझा."

"तो काही आमचा दोष नव्हे."

पाट्यांवरचे हसले. जोलीनचा नवरा वेड दोन पावलं पुढे झाला, तशी तिनं त्याच्या दंडाला धरलं. बोटीवरून कप्तान ओरडला, "तास आहे तुमच्याकडे! मग मी निघालो, लाकडासकट!"

तासभर जोलीन खाली वाशाला दोरी बांधत होती आणि वेड वरून ओढत होता. गोणी तिनं खांद्यावर टाकून शिडीनं चढवल्या. एकही माणूस पाटीवरून उठला नाही, आणि एकही माणूस घरीही गेला नाही. दोघांनी एकतीस वासे वर घेतले. नऊ बोटीबरोबर परत गेले. पाठमोऱ्या बोटीकडे बघत मर्ल म्हणाला, "पुढच्या वेळी भरतीचं वेळापत्रक बघून ये. तेवढं तरी बापानं शिकवलं असेल."

ती पहिल्या वर्षाच्या जुलैतली गोष्ट. घर अजून कागदावरच होतं.

जोलीन पर्किन्स, माहेरची थरलो, पोर्ट हॅलेट गावात शाळेची बस चालवायची. बेट गावापासून बावीस मैल समुद्रात. ती नऊ वर्षांची असताना थरलो कुटुंबानं एका दिवसात बेट सोडलं, ते पुन्हा कधी पाऊल ठेवलं नाही. का सोडलं, ते तिला बापानं सांगितलं होतं, एकदाच, आणि तिनं ते आयुष्यभर जपलं. बेटाच्या पाण्यात शेवंडांचे पिंजरे टाकायला आलेल्या किनाऱ्यावरच्या एका माणसाची बोट कुणीतरी नांगरावरच बुडवली होती. पोलीस आले. सगळं बेट मूग गिळून बसलं. एकट्या कॅरल थरलोनं, तिच्या बापानं, तोंड उघडलं: मर्लचा धाकटा भाऊ डेलबर्ट, त्याला मी बोटीवरून उतरताना पाहिलं. डेलबर्टला दीड वर्षाची कैद झाली, परवाना गेला. आणि खरं बोलला म्हणून बेटानं कॅरलला हाकलला.

कॅरल मार्च महिन्यात वारला. त्याच्या कपाटात जोलीनला जमिनीचा कागद सापडला. बेटावर पाऊण एकर, आता तिच्या नावे. बापानं ती जागा विकलीही नव्हती आणि तिचं नावही कधी काढलं नव्हतं. जोलीननं कागद वाचला, दुमडला, आणि स्वयंपाकघरात येऊन वेडला सांगितलं, "मी तिथं घर बांधणार."

वेड लोकांच्या घरातल्या, हिवाळ्यात घर तापवणाऱ्या तेलाच्या भट्ट्या दुरुस्त करायचा. घर उभं करणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "इथल्या घराची पायरी तीन वर्षं मोडलीय."

"ती तू कर. ते मी करते."

आणि तिनं सुरुवात केली. पहाटे पाचला उठून म्हाताऱ्या आईच्या ऑक्सिजनचं यंत्र बघायचं, तिच्या गोळ्या काढून ठेवायच्या, मुलीला, केल्सीला, तीन हाका मारायच्या, मग बस. सकाळची फेरी, दुपारची फेरी, मधल्या चार तासांत लाकडाची वखार, नगरपालिका, आईचा डॉक्टर. बसच्या काचेपाशी मोजपट्टी आणि डब्यात सँडविचशेजारी स्क्रू. रेल्वे फाटकाशी बस थांबली की ती हाताच्या तळव्यावर पेननं छपराचा उतार काढायची. मागच्या बाकावरची पोरं तिला 'बेटवाली' म्हणायची. शनिवारी सकाळच्या बोटीनं बेटावर, रविवारी दुपारच्या बोटीनं परत. सोमवारी पहाटे पाच.

जागेवर पहिल्यांदा गेली तेव्हा जागाच दिसेना. मर्लचे तीनशे पिंजरे तिथं रचलेले होते, भिंतीसारखे, शेवाळ आणि सडक्या आमिषाचा वास मारत. तिनं त्याला रीतसर पत्र पाठवलं होतं. उत्तर नाही. मग तीन शनिवार राबून तिनं आणि वेडनं एकेक पिंजरा उचलून रस्त्याच्या कडेला नीट ओळीनं लावला. चौथ्या शनिवारी सगळे पुन्हा जागच्या जागी होते, फक्त आता दोरखंडानं एकमेकांना बांधलेले. वेड हसला, कारण दुसरं काय करणार. जोलीनच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती हट्टी होती, मूर्ख नव्हती. समुद्राकडचा अर्धा भाग तिनं पिंजऱ्यांना सोडला आणि वरच्या अर्ध्या भागात, उघड्या कातळावर, घराच्या चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या. चोवीस फूट लांब, सोळा रुंद.

वासे आल्यावर ऑगस्टमध्ये तिनं कातळात भोकं पाडली. भाड्याचं जनित्र, भाड्याचं ड्रिल, दोन शनिवार-रविवार. एकेका खांबाखाली एक अशा बारा जाड सळया सिमेंटनं कातळात पक्क्या केल्या. हात इतके थरथरत होते की सोमवारी बसचं दार उघडायचा दांडा तिनं कोपरानं ढकलला.

पुढच्या शनिवारी ती आली तर बाराच्या बारा सळया वाकवलेल्या. कुणीतरी लांब नळकांडं घालून एकेक सळई जमिनीला टेकेपर्यंत दाबली होती. घाईघाईत नाही. सगळ्या एकाच दिशेला, समुद्राकडे.

वेडनं एक सळई वर ओढून पाहिली, ती हलली नाही. मग म्हणाला, "जोलीन, बास."

"बास काय?"

"हे बास. इथं तुला कुणी नळाचं पाणीसुद्धा देत नाही. दुकानातली बाई तुला पाहून दारावरची 'बंद'ची पाटी उलटी करते. तू घर बांधतेयस की सूड उगवतेयस, ते तरी मला सांग."

"माझा बाप खरं बोलला आणि या लोकांनी—"

"तुझा बाप मेला. माझे शनिवार जिवंत आहेत." त्यानं हातमोजे काढून वाशांवर ठेवले. "मी येणार नाही पुन्हा."

घरी आली तीच धुमसत, आणि सोमवारीही धुमसतच होती. आई, ॲव्हिस, खिडकीपाशी खुर्चीत होती, नाकात नळी, मांडीवर शब्दकोडं. बेटाचं नाव निघालं की म्हातारी तोंड वाकडं करायची, हे नेहमीचंच. त्या सोमवारी, बसच्या दोन फेऱ्यांच्या मधे, जोलीननं तिच्यासमोर एक फळी आपटली. कोरून घेतलेली, वर बापाचं नाव: कॅरल थरलो. दारावर लावायची म्हणून मुद्दाम करून घेतली होती.

"मोडू देत त्यांना काय मोडायचंय ते," जोलीन म्हणाली. "ही मी लावणारच. त्या चोरांना रोज वाचू दे. अख्ख्या बेटावर एकच खरा माणूस होता."

ॲव्हिसनं पेन्सिल खाली ठेवली.

"खरा?" ती म्हणाली. "बये, तुझा बाप त्या दिवशी कमरेपर्यंत भिजून घरी आला होता. हाताला बोटीच्या तळाचं तेल. ती पँट मी धुतली. दोनदा."

जोलीननं फळीवरचा हात काढला.

"काय म्हणतेस तू?"

म्हातारी सरळच बोलली, दम लागत होता तरी. "बोट त्यानं बुडवली. डेलबर्ट तापानं अंथरुणात होता. त्याची आई मला मोहरीचा लेप मागायला आली होती, मी स्वतः दिला. आणि तुझ्या बापानं पोलिसांना डेलबर्टचं नाव सांगितलं, कारण पोलीस त्याच्याच दाराशी आले होते."

"आणि तू गप्प बसलीस?"

"नवरा होता माझा. पदरात नऊ वर्षांची तू होतीस. मला भित्री म्हण, काय हवं ते म्हण. पण ती फळी माझ्या डोळ्यांसमोर नाचवू नकोस."

"तीस वर्षं, आई! तीस वर्षं मी त्या लोकांना पाण्यात पाहिलं!"

"मग? त्यांचं काय बिघडलं त्यानं?"

जोलीननं ती फळी अंगणात नेली, कुऱ्हाडीनं तीन तुकडे केले आणि शेगडीच्या सरपणात टाकले. मग बसची दुपारची फेरी होती म्हणून तोंड धुऊन निघून गेली. त्या फेरीत एका पोरानं पुढच्या पोराच्या टोपीवर दूध ओतलं, तेव्हा ती इतक्या जोरात ओरडली की शाळेत तक्रार गेली.

पुढच्या शनिवारी ती एकटी बेटावर गेली. मर्ल आमिषाच्या खोलीत खारवलेले मासे फावड्यानं पिंपात भरत होता. ती दारातच उभी राहिली.

"आईनं सांगितलं मला," ती म्हणाली. "बोटीचं. डेलबर्टचं."

मर्लचं फावडं थांबलं नाही. "अच्छा."

"मला ठाऊक नव्हतं."

"अख्ख्या बेटाला ठाऊक होतं. कुत्र्यांनासुद्धा. तुला एकटीलाच नव्हतं."

"मी माफी मागायला—"

"माझी नको मागूस. डेलबर्टची माग. चर्चच्या मागे, तिसरी रांग. कैदेतून आला, परवाना नाही, बोट नाही. चार वर्षं दुसऱ्यांची जाळी शिवली आणि मग एक दिवस ती शिवायलाही उठला नाही." त्यानं फावडं पिंपाला टेकवलं आणि पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "आता कळलंय ना? मग जागा वीक आणि जा."

जोलीनला वाटलं होतं, इथं आपण हो म्हणू. बोटीवर येताना ती तेच ठरवून आली होती. पण त्या खोलीत, त्या वासात, त्या माणसाच्या डोळ्यांसमोर तिच्या तोंडून निघालं, "नाही."

"नाही?"

"बापाची म्हणून नाही ठेवत. माझी आहे. मी नऊ वर्षं इथं होते, त्या वर्षांत मी कुणाचं काही केलं नव्हतं."

मर्लनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "बापासारखीच निर्लज्ज आहेस."

"असेन. सळया कुणी वाकवल्या?"

"मी."

"पुन्हा वाकवाल?"

"नाही. आठवडाभर खांदा वर जात नव्हता." तो पुन्हा माशांकडे वळला. "आता जा. वास कपड्यांना लागतो, मग तुझ्या बसमधली पोरं नाकं मुरडतील."

ती वळली, आणि मग तिला वाटलं, काहीतरी द्यायला हवं. "पिंजरे राहू देत तिथंच," ती म्हणाली. "खालचा अर्धा भाग तुम्ही वापरा. मी लिहून देते."

यावर मात्र म्हातारा भडकला. मानेपर्यंत लाल झाला. "तू देतेस? मला? इतकी वर्षं मी ती जागा घेतली होती, कुणी दिली नव्हती. थरलोच्या दानावर माझी सुतळीसुद्धा राहणार नाही."

रविवारी दुपारी बोटीला जायच्या आत तीनशेच्या तीनशे पिंजरे उचलले गेले. मर्ल, त्याचा जावई आणि आणखी दोघं, ट्रकच्या खेपा करत, तिच्याकडे न बघता. जागा मोकळी झाली तशी ती केवढी लहान आहे, ते जोलीनला दिसलं. चर्चच्या मागे मात्र ती त्या दिवशी गेली नाही. तिची हिंमत झाली नाही. ती गेली पुढच्या वर्षी, आणि तिथं काय म्हणाली ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

वाकलेल्या सळया कापून तिनं नवीन भोकं पाडली. एकटीनं. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत खांब उभे राहिले आणि तुळया बसल्या. त्या आठवड्यात केल्सीच्या शाळेचा फुटबॉलचा मोठा सामना होता, सोमवारी दुपारी. केल्सी गोलकीपर. जोलीन म्हणाली, रविवारी परत येतेच.

रविवारी धुकं आलं. टपालाची बोट आली नाही. सोमवारी सकाळी धुकं तसंच, पण कोळी रडार लावून पिंजरे काढायला निघाले होते. जोलीन धक्क्यावर एकेकाकडे गेली. "किनाऱ्याला सोडाल का? डिझेलचं मी बघते."

"जागा नाही," पहिला म्हणाला. त्याच्या बोटीत सहा माणसं नाचू शकली असती.

"इंजिन तापतं," दुसरा म्हणाला, चालू इंजिनावर उभा राहून.

मर्लच्या जावयानं तर तिच्याकडे पाठच केली. दोर सोडला आणि धुक्यात गेला.

ती मंगळवारी दुपारी घरी पोहोचली. बसच्या खात्याच्या साहेबानं लेखी ताकीद ठेवली होती: कळवल्याशिवाय तीन फेऱ्या चुकल्या, पुन्हा झालं तर नोकरी विसरा. वेडनं ती फ्रिजवर चिकटवली होती. आईनं दोन दिवस गोळ्या उलटसुलट घेतल्या होत्या. केल्सी जिन्यावर बसली होती.

"जिंकलात?" जोलीननं विचारलं.

"हरलो. शेवटचा गोल माझ्यामुळे झाला."

"केल्सी, धुकं होतं, मी—"

"त्या घरात माझी खोली आहे?"

"आहे ना. पोटमाळ्यावर. खिडकीसकट."

"मला नकोय," केल्सी म्हणाली आणि वर गेली.

त्या हिवाळ्यात घरात चौघं जण एकमेकांना मीठ दे, दार लाव एवढंच बोलली. जोलीनला एकदा वाटलं, सगळं सोडून द्यावं. रोज वाटायचं. मग एप्रिलमध्ये धुकं आणि बोटीचं वेळापत्रक बघून तिनं दर सोमवारसाठी एक बदली ड्रायव्हर ठरवला, आईसाठी शेजारणीला विनवलं, आणि पुन्हा निघाली. शहाणपण म्हणायचं की खोड, तिलाही सांगता आलं नसतं.

भिंतींचे सांगाडे तिनं जमिनीवर जोडून दोरी-कप्पीनं उभे केले. छपराला मात्र एकटीचा हात पुरेना. तिनं घरी दाखवायला म्हणून फोटो काढले होते. वेडनं ते जेवताना पाहिले आणि घास खाली ठेवला. "हा वासा बघ. हा असा लावतात? ओळंबा म्हणून काही चीज असते, ऐकलंयस कधी?" शुक्रवारी त्यानं हत्यारांची पेटी गाडीत टाकली. "तुझ्यासाठी येत नाही मी," तो म्हणाला. "तो वासा डोळ्यांसमोरून जाईना, म्हणून येतोय." छपरावर दोघं भांडत भांडत सप्टेंबरअखेर कडेपर्यंत पोहोचली. नोव्हेंबरच्या वादळात बेटावरच्या तीन गोदामांचे पत्रे उडाले. हे छप्पर राहिलं. त्याबद्दल बेटावर कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि जोलीनला तेवढंही पुरलं.

ॲव्हिस तिसऱ्या वर्षी गेली. शेवटच्या महिन्यात जोलीननं विचारलं होतं, एकदा येतेस का, बोटीत खुर्ची बांधून नेते. म्हातारी म्हणाली, "मला तिथं कुणी हाकलून द्यायला नको, मी आधीच गेलेय." केल्सी त्याच उन्हाळ्यात पहिल्यांदा आली. कुणाशी तरी तिचं बिनसलं होतं आणि गावात तोंड दाखवायचं नव्हतं. पोटमाळ्यावर पाच दिवस झोपून राहिली, सहाव्या दिवशी खाली येऊन म्हणाली, "वर खिळे बाहेर आलेत, कुणी ठोकलेत हे?" आणि हातोडी घेऊन गेली.

चौथ्या वर्षी घर झालं. करड्या फळकुटांचं, बुटकं, चूल धूर चांगला ओढणारी. विहीर खणायला बेटावरचा माणूस आला नाही, म्हणून पन्हळीचं पाणी टाकीत. दुकानातली बाई आता पाटी उलटी करत नसे, पण सुटे पैसे हातात न देता गल्ल्यावर ठेवायची.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी चर्चच्या सभागृहात बेटाचं जेवण असतं. गुळमट घेवडा, मक्याची भाकर, कोबी आणि प्रत्येकानं घरून भाजून आणलेली एकेक फळांची पाई. बेटावर ज्याची जमीन त्याला ताट, हा नियम थरलो आणि स्टिन्सन दोघांच्याही आधीचा. जोलीन ब्लूबेरीची पाई घेऊन गेली. वेड आणि केल्सी म्हणाले होते, आम्ही नाही, आम्हाला तिथं कुणी नजरेनं खाल्लेलं नकोय.

ती रांगेत उभी राहिली. वाढायला मर्लची बायको थेल्मा होती. तिनं जोलीनकडे पाहिलं, मग पळीकडे, आणि पळीभर घेवडा ताटात असा टाकला की रस जोलीनच्या सदऱ्यावर उडाला. पण टाकला. जोलीन एका लांब टेबलाशी बसली. तिथं आधी बसलेली चार माणसं एकेक करून उठली, ताटं घेऊन दुसरीकडे गेली. मर्ल कोपऱ्यात होता. तो उठला नाही, कारण तो त्या टेबलावर नव्हताच. त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खाऊ लागला.

बारा माणसांच्या त्या टेबलावर जोलीन एकटीच जेवली. घेवडा चांगला शिजला होता, गुळाचा हात सैल. तिला लहानपणची चव आठवते का, हे तिनं जिभेवर तपासून पाहिलं. आठवत नव्हती. ती उठली, पुन्हा रांगेत लागली आणि ताट पुढे केलं.

"आणखी?" थेल्मा म्हणाली. चार वर्षांत तिचा हा पहिला शब्द.

"आणखी."

थेल्मानं वाढलं, या वेळी जरा कमी. जोलीननं ते संपवलं, ताट स्वतः विसळलं, पालथं घातलं. तिची पाई मेजावर तशीच होती, सुरीसुद्धा लागली नव्हती. ती फडक्यात गुंडाळून तिनं काखोटीला मारली आणि चढावाच्या रस्त्यानं घरी निघाली.